बोर धरणाचा छेद आणि तिरप्या रेघा

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या हिंगणीजवळ बोर नदीवर १९६५ साली मातीचं धरण पूर्ण झालं. उंची ३६.२८ मीटर, लांबी १,१५८ मीटर. गावातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर धरण म्हटलं की पाण्याच्या अंगाचा दगडी उतार येतो. मी स्थापत्य आरेखकाचा धंदा शिकलो, तेव्हापासून मला मात्र ते उभं कापलेलं दिसतं. मातीच्या धरणाचं सगळं शहाणपण त्याच्या छेदात असतं. अशा धरणाच्या पोटात साधारणपणे काळ्या चिकण मातीचं हार्टिंग असतं, दोन्ही बाजूंना मुरमाचं केसिंग, खाली पक्क्या थरापर्यंत नेलेली कटऑफ ट्रेंच, वरच्या अंगाला पिचिंग आणि मागच्या पायथ्याशी वाळूचा फिल्टर नि दगडांचा रॉक टो. पाणी अडवायचं काम हार्टिंगचं, त्याला तोलून धरायचं काम केसिंगचं. या दोहोंमधली हद्द कागदावर चुकली, तर साइटवर मातीच्या जागी मुरूम पडतो. म्हणून छेदातल्या प्रत्येक भागाला स्वतंत्र भरण द्यायचं. या भरणाला आम्ही हॅच म्हणतो.

धरण झालं त्या काळी हे भरण हातानं व्हायचं. ट्रेसिंग क्लॉथ ताणून बसवायचं, टी-स्क्वेअरवर ४५ अंशांचा गुण्या टेकवायचा आणि रूलिंग पेननं काळ्या शाईची एकेक तिरपी रेघ ओढायची. दोन रेघांमधलं अंतर डोळ्यानंच राखायचं. शाई ओली असताना गुण्या सरकला तर रेघ फासली जायची, मग ब्लेडनं खरवडणं आलं. काँक्रीटसाठी ठिपके आणि बारीक त्रिकोण, दगडासाठी वेडेवाकडे गोटे. एका छेदाचं हॅचिंग म्हणजे मान मोडणारं काम असायचं. पण त्यातून हात तयार व्हायचा आणि कुठला भाग कशाचा, हे आरेखकाच्या मनात पक्कं बसायचं.

या रेघा आल्या कुठून? एकोणिसाव्या शतकातले अभियंत्यांचे नकाशे रंगीत असत. पातळ जलरंगाचा हात देऊन वीट तांबडी, पितळ पिवळं, लोखंड निळसर दाखवत. मग ब्ल्यूप्रिंट आली. तिच्या मुळाशी जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली रासायनिक पद्धत होती आणि त्या शतकाच्या अखेरीस ती कचेऱ्यांमध्ये रुळली. मूळ नकाशाच्या हव्या तेवढ्या प्रती स्वस्तात निघू लागल्या, पण निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा एवढंच उमटायचं. रंग प्रतीत उतरेना, तेव्हा रंगाचं काम रेघांना करावं लागलं. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या चिन्हांच्या बाबतीत हेच आधी घडलं होतं. काळ्या शाईत छापताना रंग कसे सांगायचे, म्हणून पेट्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्यानं १६३८च्या ग्रंथात उभ्या रेघा म्हणजे तांबडा आणि आडव्या म्हणजे निळा अशी पद्धत वापरली, ती टिकली. हॅचचा जन्म नकलेसाठी झाला आहे. माझ्या मते या धंद्यात शिकायची पहिली गोष्ट हीच.

आपल्याकडे अमोनिया प्रिंटच्या काळात रंग पुन्हा हातानं आला. मंजुरीच्या नकाशात नवं बांधकाम तांबडं, पाडायचं ते पिवळ्या तिरप्या रेघांत, मंजुरीपेक्षा वेगळं झालेलं तांबड्या रेघांत. प्रत्येक प्रत वेगळी रंगवावी लागे.

मग आरेखन संगणकावर गेलं. त्यासाठीचं ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर डिसेंबर १९८२मध्ये बाजारात आलं. त्याच्या हॅच-नमुन्यांची फाइल साध्या मजकुराची आहे, कुणीही उघडून वाचावी. त्यातल्या ‘एएनएसआय३१’ या नेहमीच्या वापरातल्या नमुन्याची व्याख्या एका ओळीत बसते: कोन ४५ अंश, दोन रेघांतलं अंतर पाव इंचाच्या निम्मं, मेट्रिक फाइलमध्ये ३.१७५ मिलिमीटर. जुन्या गुण्याचा कोन तसाच आत जाऊन बसला आहे.

खरा बदल हद्दीत झाला. सुरुवातीला भरण द्यायचं तर भोवतालच्या रेघा एकेक करून निवडाव्या लागत. १९९२च्या बाराव्या आवृत्तीत आतल्या जागेवर बिंदू दिला की प्रोग्रॅम स्वतः कड शोधू लागला. १९९४च्या तेराव्या आवृत्तीपासून हद्द हलवली की भरणही सोबत हलू लागलं. पण कड जुळलेली नसेल तर प्रोग्रॅम अडतो. हातानं काढताना रेघेतली फट डोळा आपोआप बुजवत होता. यंत्राला ती फट दिसते. आता ठरावीक मापापर्यंतची फट चालवून घेण्याची सोय आहे. ट्रेंचच्या आणि जमिनीच्या रेघा भेटत नसतील, तर ती सोय वापरू नये असं माझं ठाम मत आहे. आधी रेघ जुळवावी. त्याच हद्दीवरून पुढे क्षेत्रफळ निघतं, मातीचे घनमीटर निघतात आणि बिलही निघतं.

हिंगणीत या भरणाचा संबंध धरणापुरता नाही. बोर अभयारण्य १९७० साली जाहीर झालं, २०१४ साली त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानाव्यात असा निर्णय दिला. हा प्रश्न वर्ध्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांचा आहे. अशा हद्दी नकाशावर येतात त्या बंद रेघ आणि आतलं भरण होऊन. मौजाचा जुना नकाशा संगणकावर उतरवताना कापडाच्या घडीत धुऱ्याची रेघ तुटलेली असते, पांदण अर्ध्यात पुसलेली असते. ती अंदाजानं जोडून भरण टाकणं म्हणजे कुणाच्या तरी वावराचा निकाल लावणं. म्हातारी माणसं पडद्याकडे बघून विचारतात, “भाऊ, आपला धुरा आत गेला का बाहेर रायला?” याचं उत्तर मोजणीच्या खुणांवरून द्यावं, पडद्यावर जे बरं दिसतं त्यावरून देऊ नये.

नवी मुलं हल्ली सपाट रंग भरतात. पडद्यावर ते देखणं दिसतं. पण गावापर्यंत नकाशा पोचतो तो काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर, आणि त्यात हिरवा नि तांबडा दोन्ही सारखेच करडे होतात. ब्ल्यूप्रिंटच्या वेळची अडचण आजही तशीच उभी आहे. तेव्हा माझ्या धंद्यातल्या मुलामुलींनो, रंग खुशाल भरा, पण त्यावर प्रत्येक भागाचा वेगळा हॅच टाका, सूचीत त्याचा अर्थ लिहा आणि नकाशा देण्याआधी त्याची एक साधी झेरॉक्स काढून बघा. तिच्यावर हद्द आणि भरण वाचता आलं, तरच तो नकाशा बाहेर जाऊ द्या.