गुलशनाबादच्या सावलीतली पाहुणी

मोगलांच्या दफ्तरात आमच्या नाशिकचे नाव गुलशनाबाद. गुलशन म्हणजे फुलबाग. हे नाव कोणा शायराच्या लहरीने पडले असे मला वाटत नाही. गोदेचे पाणी, काळी जमीन आणि समुद्रापासून दोन हजार फुटांवरची मोकळी हवा एकत्र आल्यावर गुलाबाला, मोगऱ्याला, शेवंतीला आणखी काय हवे? पेशवाईत गोपिकाबाई गंगापुरास येऊन राहिल्या, रघुनाथरावांनी चौंधसला वाडा करून त्या गावाचे आनंदवल्ली केले, ते काही नुसत्या तीर्थस्नानासाठी नव्हे!

पण गुलशन म्हटले की ऊन आलेच. फुलाला ऊन हवे, आणि देवाला फूल हवे. असा आमच्या बागांचा साधा हिशेब. सावली ही बागेची जागा नव्हेच. सावली माणसाची, गुराची, गोसाव्याची. ज्या पाच वडांवरून पंचवटी हे नाव पडले, त्यांच्या बुंध्याशी कोणी शोभेची झाडे लावल्याचे रामायणापासून ऐकिवात नाही. वाड्यांतही तेच. चौकातले ऊन तुळशीला, परसातले जास्वंदीला आणि पारिजातकाला. जिन्याखालचा कोपरा, मोरीमागची ओल, आंब्याखालची जमीन यांच्या वाट्याला शेवाळ येई, फार तर एखादा नेचा.

आज त्याच कोपऱ्यात एक झाड सर्रास दिसते. गवतासारखी लांब, कमानदार पाने; हिरव्या पानाला पांढरी किनार, किंवा हिरव्या काठांमध्ये पांढरा पट्टा. बारा महिने तजेलदार. मधूनच एक लांब दांडी बाहेर पडते, तिच्यावर इवलीशी पांढरी फुले येतात आणि मग टोकाला मुळांसकट पिल्ले लोंबू लागतात. ही लोंबती पिल्ले कोळ्यासारखी दिसतात म्हणून इंग्रजीत त्याला स्पायडर प्लांट म्हणतात. आमचे रोपवाटिकावाले मात्र शास्त्रीय नावच सांगतात : क्लोरोफायटम. माळीबुवांच्या तोंडी ते 'क्लोरोफाटम' होते, आणि मला तेच अधिक गोड वाटते.

ही पाहुणी आफ्रिकेची. लिनियसचा शिष्य थुनबर्ग १७७२ ते १७७५ या काळात आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला हिंडला आणि १७९४ साली त्याने हिचे शास्त्रीय वर्णन छापले. पुढे ती युरोपात पोचली, आणि १८२८ च्या सुमारास जर्मन महाकवी गटे याच्या नजरेत भरली. शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला अशी ज्याची आख्यायिका आपण शाळेत ऐकली, तोच हा गटे! तो नाचला की नाही कोण जाणे. पण १७९१ साली त्याने शाकुंतलावर स्तुतिपर कविता लिहिली हे खरे. कण्वाच्या आश्रमातली ती झाडांना पाणी घालणारी मुलगी ज्याला भावली, त्याला झाडांचे वेड असावे यात नवल नाही. आपली पानफुटी त्याची विशेष लाडकी. तिची पाने तो स्नेह्यांना पाठवी. ज्या पानाला कडेने पिल्ले फुटतात ते त्याला मोहवी. तशी ज्या झाडाला दांडीवर पिल्ले फुटतात तेही त्याने कौतुकाने न्याहाळले.

समुद्र ओलांडणे मात्र रोपांना सोपे नव्हते. खारा वारा आणि गोड्या पाण्याची टंचाई यांनी जहाजावरची बहुतेक रोपे वाटेतच मरत. लंडनचे एक डॉक्टर, नॅथॅनियल वॉर्ड, यांना बंद बाटलीतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप वाढलेला दिसला आणि त्यावरून काचेच्या बंद पेटीची युक्ती सुचली. १८३३ साली अशा दोन पेट्या सिडनीला सुखरूप पोचल्या. मग जगभरच्या झाडांची नेआण सुरू झाली. चीनचा चहा हिंदुस्थानात आला तोही अशाच पेट्यांतून. इंग्लंडात त्या काळी रंगीत पानांचे खूळ भरात होते. त्या खुळाची लाट आपल्याकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेतून (ती १८६२ साली खुली झाली), १८७३ च्या गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानातून आणि साहेबांच्या व्हरांड्यांतून पसरली. १८६५ साली थळघाटातून रेल्वे सुरू झाल्यावर मुंबईची कुंडी नाशकात यायला एक दिवस पुरू लागला. क्रोटन, कोलियस ही सारी मंडळी याच लाटेतली : फुलासाठी नव्हे, पानासाठी वाढवायची झाडे. देवाला वाहता येत नाही असे झाड दारात लावणे, ही आमच्या आज्यांना नवलाचीच गोष्ट वाटली असेल.

आता या पट्ट्याची गंमत. शेंड्याच्या वाढत्या पेशींचा एक थर हिरवा आणि एक रंगहीन असतो, म्हणून पान दुरंगी होते. ही जोडी बियांतून उतरत नाही. बी पेरले तर बहुधा नुसते हिरवे रोप उगवते. पट्टा टिकतो तो केवळ पिल्लातून. म्हणजे तुमच्या ओसरीवरचे झाड शेजारणीच्या झाडाचे मूल नव्हे, ते तेच झाड आहे. 'वहिनी, जाताना एक पिल्लू द्या बरं का,' असे कोणीतरी म्हणाले आणि कोणीतरी दिले, म्हणूनच ते इथवर आले. मनीप्लांट चोरून आणल्याशिवाय वाढत नाही म्हणतात. हिच्या बाबतीत चोरीची वेळच येत नाही.

नाशिकची काळी माती हिला जड पडते. मुळे पांढरी, मांसल. पाणी साठवून ठेवणारी. चिखलात ती कुजतात. एक पाटी मातीत अर्धी पाटी वाळू आणि अर्धी पाटी कुजलेला पालापाचोळा मिसळावा. मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर आंब्याखाली वीत-दीड वितीवर पिल्ले लावली, तर वर्षा-दोन वर्षांत जमीन झाकते. वैशाखातले दुपारचे ऊन पाने भाजते. पौषात निफाडकडे पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा झाडाचे छत्रच हिला दहिवरापासून वाचवते. शेंडे करपले तर बहुधा पाण्यातले क्षार किंवा कोरडी हवा. एखादा कोंब निव्वळ हिरवा निघाला तर तो वेळीच काढावा. त्यात हरितद्रव्य जास्त, म्हणून तो पट्टेरी भावंडांना दडपून वाढतो. हवा शुद्ध करण्याची कीर्ती मात्र फार मनावर घेऊ नये. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत प्रयोग केले, त्याचा हा गाजावाजा. राहत्या घरात परिणाम नगण्य, असे पुढच्या अभ्यासांत दिसले. खिडकी उघडावी!

मला खरी चिंता वेगळीच आहे. या पाहुणीच्या सख्ख्या चुलत बहिणी आपल्या सह्याद्रीत आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या बाया मृगानंतर फोडशीच्या जुड्या बाजारात आणतात, ती क्लोरोफायटमच. सफेद मुसळी हीदेखील त्याच कुळीतली. तिच्या एका जातीला फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली बोरिवलीचे नाव दिले. पानाला पट्टा नाही, बारमाही तजेलाही नाही. पान खुडले तर पुढच्या मृगाला ती पुन्हा येते. पण औषधी म्हणून तिच्या मुळांनाच भाव, आणि मुळासकट उपसलेली मुसळी पुन्हा येत नाही. परकी पिल्ले हातोहात वाटून वाढली, आणि घरची बहीण जंगलातून उपसली जाऊन दुर्मीळ झाली.

मुसळी घरी लावता येते. कंद मात्र शेतात वाढवलेलेच घ्यावेत, रानातून आणलेले नव्हेत. आंब्याच्या छत्राच्या कडेला, जिथे थोडे ऊन पोचते, तिथे पट्टेरी गाद्यांच्या मधे ते पुरावेत. पहिल्या पावसाबरोबर पाने वर येतात, पांढरी फुले येऊन जातात आणि दिवाळीच्या सुमारास सारे पिवळे पडून जमिनीत जाते. त्या जागी आत्ताच एक काडी रोवून ठेवावी. नाहीतर वैशाखात कोणीतरी जागा मोकळी समजून कुदळ घालतो.