नवा लॅपटॉप वाय-फायला जोडला जात नाही?
प्रथम मोबाइलचा डेटा बंद करून त्यावर घरचे वाय-फाय चालते का, ते पाहावे. चालत असल्यास राउटरला दोष देण्याची घाई नको. लॅपटॉपचा 'एअरप्लेन मोड' तपासावा. वाय-फायचा पर्यायच दिसत नसेल, तर बहुधा ड्रायव्हर नसतो. मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'टेदरिंग'द्वारे तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. अर्जाची मुदत संपत आली असल्यास तूर्त याच मार्गाने अर्जही भरता येतो. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. पासवर्ड अचूक असूनही प्रवेश नाकारला जात असल्यास राउटरमधील 'मॅक फिल्टर' पाहावा. पूर्वी कोणी तो लावून ठेवला असेल, तर यादीत नसलेल्या नव्या यंत्राला जोडणी मिळत नाही.