भुईकोटातली भटकंती

नगर हे महाराष्ट्राचं 'मध्ये लागणारं' शहर आहे. पुण्याहून संभाजीनगरला जाताना ते मध्ये लागतं, शिर्डीला जाताना लागतं, शनिशिंगणापूरला जाताना लागतं. एसटी माळीवाड्याच्या स्टँडवर थांबते, लोक चहा पितात आणि पुन्हा बसतात. नाव आता अहिल्यानगर झालंय, पण लोकांचं येणं-जाणं तसंच आहे.

फिरायचं म्हटलं की आम्ही नगरकरही आधी गावाबाहेरच पडतो. हौस असली तर अकोले तालुका आहेच. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनगड, सगळे आपल्याच जिल्ह्यात. पण शहराला खेटून उभा असलेला भुईकोट किल्ला कुणाच्या ट्रेकच्या यादीत नसतो. चढ नाही, कडा नाही, ढगात काढलेला फोटो नाही. सपाट जमिनीवर तटबंदी, भोवती खंदक, आणि आत लष्कर.

या किल्ल्याला लढायांचा इतिहास आहे. चांदबीबीने मुघलांच्या वेढ्यात तो लढवला, आणि 1600 साली तिच्याच माणसांनी तिला मारलं. 1803 च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्यानंतर मात्र नगरच्या वाट्याला वेगळंच काम आलं, ते म्हणजे लांबून आणलेल्या माणसांना एका जागी डांबून ठेवणं. दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धात पकडलेले बोअर सैनिक इथे होते, पहिल्या महायुद्धात जर्मन होते. आणि 1942 च्या ऑगस्टमध्ये इथे बारा भारतीय आले.

मला सांगायचंय ते या बारा जणांबद्दल. फिरायची सवय असलेल्या माणसांचं फिरणं बंद झालं तर ती काय करतात, याचं इतकं तपशीलवार उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

9 ऑगस्टच्या पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीची धरपकड झाली. खास रेल्वेने सगळ्यांना हलवलं. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं, बाकीच्यांना नगरला. नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, सय्यद महमूद, पट्टाभी सीतारामय्या, शंकरराव देव, प्रफुल्लचंद्र घोष आणि हरेकृष्ण महताब. यातला जवळजवळ प्रत्येक जण वर्षानुवर्षं गाडीने, मोटारीने, पायी देशभर हिंडलेला. आता सगळ्यांना मिळून एक आवार, त्याभोवती खोल्या. शिक्षेची मुदत ठरलेली नाही. 28 मार्च 1945 पर्यंतचे दिवस मोजले तर साडेनऊशेच्या वर भरतात.

नेहरूंनी सुरुवात बागकामाने केली. आवारातली जमीन दगडमातीची, जुन्या पडझडीने भरलेली. वाफे करायला खणावं तर खालून जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागायला लागले. एका दगडावर तर कोरलेलं कमळ निघालं. कुणालाही वाटेल, आणखी खणावं. पण खोल खणणं तुरुंगाच्या अधिकाऱ्यांना मंजूर नव्हतं आणि तशी हत्यारंही मिळत नव्हती. हे सगळं त्यांनी स्वतःच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'च्या पहिल्या प्रकरणात लिहून ठेवलंय. एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत ते पुस्तक लिहून झालं. म्हणजे कुदळीने जिथवर जाता येईना, तिथून पुढे लेखणीने खणलं. मोहेंजोदडोपासून चालू वर्तमानापर्यंतचा प्रवास, आणि मुक्काम मात्र एकच, नगर.

शाळेत या पुस्तकाचं नाव एका मार्काच्या प्रश्नापुरतं आलं. 'भारत एक खोज'चे 53 भाग यूट्यूबवर बघितलेलेही पुष्कळ आहेत. पण ते पुस्तक कशामुळे जमलं हे मला त्याच्या प्रस्तावनेत सापडलं. नेहरूंकडे मोठं ग्रंथालय नव्हतं, सोबत अकरा माणसं होती. या बारा जणांत मिळून संस्कृत, पाली, अरबी आणि फारसी जाणणारे होते. बोलण्यात हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी आणि ओडिया होत्या. ओडिशाला जाता येत नव्हतं, पण महताब शेजारच्या खोलीत होते. बौद्ध तत्त्वज्ञानात शिरायचं तर नरेंद्र देव होते. नेहरू नावं घेऊन या सोबत्यांचे आभार मानतात आणि पुस्तक अर्पणही त्यांनाच करतात.

आणि लिहीत होते ते एकटे नेहरू नव्हेत. नरेंद्र देव वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'चा फ्रेंचवरून हिंदी अनुवाद करत होते. महताब ओडिशाचा इतिहास लिहीत होते. पट्टाभींच्या रोजनिशीचं पुढे पुस्तक झालं. एका आवारातून चौघे चार दिशांना निघाले होते.

पण मला या सगळ्यांत आझाद जवळचे वाटतात. ते लांब गेलेच नाहीत. त्यांनी आपल्या खोलीतच बघितलं.

आझाद पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठायचे, स्वतः चहा करायचे आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला पत्र लिहायला बसायचे. पत्र टपालात पडणार नाही हे ठाऊक असायचं. तरीही लिहायचे. ही पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली. त्यांत चहा कसा असावा यावर पानंच्या पानं आहेत. आणि चिमण्या आहेत. खोलीच्या छताला चिमण्यांनी घरटी केली, कचरा पडायला लागला. आझादांनी आधी त्यांच्याशी रीतसर युद्ध केलं. हरल्यावर तह केला. तांदळाचे दाणे टाकायला सुरुवात केली. चिमण्या हळूहळू जवळ आल्या, अंगाखांद्यावर बसायला लागल्या. मग एकेकीचा स्वभाव दिसायला लागला आणि नावं पडली: कलंदर, मोती, मुल्ला, सूफी.

इटलीतल्या तुरिनमध्ये झाविए द मेस्त्र नावाच्या एका अधिकाऱ्याला 1790 साली 42 दिवस खोलीत नजरकैद झाली होती. त्याने स्वतःच्याच खोलीचं प्रवासवर्णन लिहिलं. खुर्ची, पलंग, भिंतीवरची चित्रं, सगळं परदेश बघावा तसं. पण त्याच्या लिहिण्यात मौज जास्त, कारण बेचाळिसावा दिवस येणार हे त्याला माहीत होतं. नगरच्या कैद्यांना ते माहीत नव्हतं.

इथवर वाचून वाटेल की मोठ्या माणसांना कोंडलं तरी बिघडत नाही. तसं नाही. 1943 च्या सुरुवातीला आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात गंभीर आजारी पडल्या. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर पुढे पाठवतो, असं तुरुंगाच्या अधीक्षकांनी सुचवलं. सरकारकडे काही मागायचं नाही, हे आझादांचं ठरलेलं होतं. त्यांनी नकार दिला. 9 एप्रिलला त्या गेल्या. काही महिन्यांत भोपाळला बहीणही गेली.

त्यानंतरच्या पत्रात आझाद आवारातल्या एका जुन्या कबरीबद्दल लिहितात. कुणाची ते माहीत नाही. आल्यापासून शेकडो वेळा नजरेखालून गेलेली. आता तिच्याकडे बघताना तिच्याविषयी नवीनच माया वाटायला लागली, असं ते म्हणतात. कबर तीच, आवार तेच. बघणारा बदलला होता. पण म्हणून कलकत्ता जवळ आलं नाही.

'लांब कशाला जायचं, सगळं इथेच आहे' हे वाक्य मला म्हणूनच अर्धवट वाटतं. मी पुण्यातली नोकरी लॅपटॉपसकट नगरला आणली, त्याला दोन वर्षं झाली. वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, दर वेळी चार तास. मधल्या दिवशी जाऊन संध्याकाळी परत येता येईल, एवढंच माझं अंतर. मित्रांचे स्पितीचे फोटो बघून पोटात कालवतं आणि आझादांच्या चिमण्या वाचून ते थांबत नाही. मात्र दोन वेगळ्या गोष्टींना मी एकच समजत होतो का, असा प्रश्न पडायला लागलाय. नवीन काही बघायची भूक असते, ती दहा किलोमीटरांतही भागते. आणि एखाद्या ठिकाणी, एखाद्या माणसापाशी, ठरावीक वेळी असावं लागतं. त्याला पर्याय नाही. पहिल्या भुकेसाठी आझादांना चिमण्या पुरल्या. दुसऱ्या बाबतीत त्यांच्यापाशी फक्त ती कबर होती. आणि या दुसऱ्या बाबतीत मी नशीबवान आहे. जिथे असायला हवं तिथेच मी अडकलोय.

पहिली भूक भागवायला नगर पुरतं. शहराच्या पूर्वेला डोंगरावर अष्टकोनी तीन मजली इमारत दिसते. अख्खं गाव तिला चांदबीबी महाल म्हणतं. ती चांदबीबीची नाहीच. निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. इतकी वर्षं रोज दिसणाऱ्या वास्तूचं नावच दुसऱ्याचं! मग रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक घुमटाकडे बघून हा नेमका कुणाचा, असं विचारावंसं वाटायला लागतं. नेहरूंच्या कुदळीला पहिला घुमट लागला तेव्हा त्यांनाही बहुधा असंच काहीसं झालं असेल.

किल्ल्यात लष्कर असल्यामुळे जाताना ओळखपत्र लागतं. नेते राहिले त्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. आत गेलात तर नेहरूंची खोली सगळे दाखवतातच. ती बघून झाली की थोडा वेळ आवारात उभे राहा. बारा माणसांना दोन वर्षांहून जास्त काळ एवढीच जागा होती. ती चालत ओलांडायला किती वेळ लागतो, तेवढं एकदा बघा.