सिटिझन (शब्द)

'सिटिझन' हा इंग्रजी भाषेतील शब्द असून राज्यसंस्थेचा कायदेशीर सदस्य हा त्याचा आजचा प्रमुख अर्थ आहे. मराठीत त्यासाठी 'नागरिक' हा शब्द रूढ आहे. 'रहिवासी' हा त्याचा पर्याय नव्हे. परदेशी व्यक्तीही रहिवासी असू शकते.

हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'सिटी', म्हणजे शहर, आहे. मध्ययुगीन लंडनमध्ये मात्र शहरात राहणारा प्रत्येक जण सिटिझन ठरत नसे. ज्याला शहराचे हक्क मिळाले, तोच सिटिझन. 'नागरिक' हा शब्दही 'नगर' वरून आला असला, तरी 'कामसूत्रा'तील 'नागरक' हा सुखवस्तू, रसिक शहरी पुरुष आहे. राजकीय हक्कांशी त्याचा संबंध नाही.

'सब्जेक्ट', म्हणजे प्रजाजन, हा शब्द राजनिष्ठा सुचवतो. 'सिटिझन' हक्क सुचवतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या कच्च्या मसुद्यात जेफरसन यांनी 'सब्जेक्ट्स' खोडून 'सिटिझन्स' लिहिले होते, हे २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने दाखवून दिले. पण हा बदल सर्वांसाठी नव्हता. ड्रेड स्कॉट खटल्यात (१८५७) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आफ्रिकी वंशाच्या लोकांना, ते गुलाम असोत वा स्वतंत्र, सिटिझन मानण्यास नकार दिला. हा निर्णय १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने निष्प्रभ झाला. ब्रिटिश कायद्यात 'सिटिझन' ही संज्ञा ठळकपणे आली ती थेट १९४८ मध्ये.

भारतीय संविधानात 'सिटिझन' आणि 'पर्सन' या शब्दांची निवड काटेकोर आहे. समानतेचा अनुच्छेद १४ आणि जीविताचा अनुच्छेद २१ कोणत्याही व्यक्तीला, म्हणजे परकीयालाही, संरक्षण देतात. अनुच्छेद १९ मधील भाषण, संचार व व्यवसाय यांची स्वातंत्र्ये केवळ नागरिकांची आहेत. कंपनी ही कायद्याने व्यक्ती असली तरी नागरिक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये दिला. गोव्याच्या रहिवाशांना या संज्ञेत आणण्यासाठी १९६२ मध्ये स्वतंत्र आदेश काढावा लागला.

'सीनियर सिटिझन' मध्ये रोजच्या बोलण्यात केवळ वय अभिप्रेत असते. ज्येष्ठांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या भारतीय कायद्यात मात्र साठ वर्षे पूर्ण होणे पुरेसे नाही. ती व्यक्ती भारताची नागरिकही असावी लागते.