आपला आवाज आपल्याला

मिक्सर हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतील चटणी वाटण्याचे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते. आज मी ज्या मिक्सरविषयी बोलणार आहे तो गायनाच्या कार्यक्रमात, बहुधा श्रोत्यांच्या मागच्या बाजूला, एका टेबलावर ठेवलेला असतो. त्याच्यासमोर बसलेल्या गृहस्थाकडे स्पीकर शिटी मारू लागेपर्यंत कोणी वळूनही पाहत नाही. गायक, तबला, ढोलकी, बासरी अशा प्रत्येकाच्या माईकमधून आलेला आवाज हे यंत्र मिसळते आणि मिसळलेला आवाज पुन्हा निरनिराळ्या ठिकाणी वाटूनही देते. म्हणजे वाटणे या क्रियापदाशी याही मिक्सरचा संबंध आहेच, फक्त तो दुसऱ्या अर्थाने. माझ्या बोलण्याचा सारा रोख या दुसऱ्या अर्थावर आहे.

दिल्लीतील आमच्या मराठी मंडळाचा एक हौशी वाद्यवृंद आहे. काही वर्षांपूर्वी त्याच्यासाठी नवा मिक्सर घ्यावयाचे ठरले आणि खरेदीचे काम माझ्याकडे आले. मला संगीत कळते असा कोणाचा गैरसमज नव्हता. सरकारी नोकरीत दरपत्रके वाचण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, एवढीच माझी पात्रता. मी तीन दरपत्रके मागवली, प्रत्येक यंत्राला किती माईक जोडता येतात ते मोजले, दर माईकमागे किती रुपये पडतात याचा तक्ता केला आणि सर्वांत स्वस्त यंत्रापुढे खूण केली. पैसा वर्गणीचा होता. तो जपून खर्च केल्याचे समाधानही मला वाटले.

त्याच आठवड्यात वर्गणीसाठी एका बाईंच्या घरी जाण्याचा योग आला. त्या निवृत्त शिक्षिका. एके काळी आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्या गाण्याने होत असे. पुढे त्यांचा सूर ढळू लागला, कुजबुज झाली, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी गाणेच थांबवले. वय झाले, दुसरे काय, असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. त्या दिवशी मी दारात उभा असताना आत तंबोरा चालू होता आणि बाई गात होत्या. सूर तसूभरही हललेला नव्हता. मी आश्चर्याने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथे मला माझा आवाजच ऐकू येत नाही. अंदाजानं किती दिवस गाणार?"

माझ्या तक्त्यातील बेरीज बरोबर होती, पण प्रश्नच चुकीचा घातला होता. बरोबर प्रश्न कोणता हे शोधताना मला या यंत्राच्या इतिहासात शिरावे लागले.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, तेव्हा मराठी रंगभूमीवर ध्वनिवर्धक नव्हता. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे तो छातीच्या बळावर. साथीदार गायकापासून काही हातांवर बसत. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज, तबल्याचा ठेका आणि ऑर्गनचा सूर हे सारे आपोआप ऐकू येई. त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागेल, ही कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात आली नसेल.

ध्वनिवर्धक आला तो प्रामुख्याने भाषणासाठी. १९१५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात जेन्सन आणि प्रिडम या दोघांनी आपल्या 'मॅग्नाव्हॉक्स' कर्ण्यांचा प्रयोग प्रचंड जनसमुदायासमोर केला. आपल्याकडे मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'ने राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांना आवाज पुरवला. गांधीजी आणि नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यापुढील माईकवर हे नाव आजही वाचता येते. भाषणाला एवढी व्यवस्था पुरेशी होती, कारण वक्त्याला स्वतःचा आवाज ऐकू येण्याची फारशी निकड नसते. काही वक्त्यांना तर तो जरा जास्तच ऐकू येतो. गाण्याचे तसे नाही. गळा जे करतो ते कान क्षणोक्षणी तपासत असतो आणि त्या तपासणीवरच सूर टिकतो.

ही गोष्ट जगाला ढळढळीतपणे दिसली ती १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये. इंग्लंडच्या बीटल्स या चौघांना ऐकण्यासाठी तेथे ५५ हजारांहून अधिक लोक जमले होते. वाद्यांमागे शंभर शंभर वॅटचे ध्वनिवर्धक होते, आणि गायनासाठी मैदानातील घोषणांच्या कर्ण्यांचा आधार घेतला होता. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत सारे बुडून गेले. ढोल वाजवणारा रिंगो स्टार आपल्या साथीदारांच्या हालचाली पाहून गाणे कोठवर आले याचा अंदाज बांधत असे. जगातील सर्वांत लोकप्रिय वादक स्वतःचेच संगीत अंदाजाने वाजवत होते! पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ च्या कार्यक्रमानंतर, त्यांनी तिकीट लावून केलेले जाहीर दौरे कायमचे थांबवले. त्यामागे इतरही कारणे होती, परंतु आपले आपल्याला ऐकू न येणे हे त्यांतील एक ठळक कारण होते. ध्वनिवर्धकाने श्रोत्याला आवाज दिला, पण तो गायकाच्या कानातून काढून घेऊन दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर तो आवाज गायकाला परत देण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगमंचावर, गायकाकडे तोंड करून, छोटे स्पीकर ठेवण्याची रीत रूढ होऊ लागली. त्यांना मॉनिटर म्हणतात. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या वाद्यवृंदाने १९७४ मध्ये निराळाच मार्ग काढला. त्यांनी वादकांच्या पाठीमागे शेकडो स्पीकरांची भिंतच उभी केली, म्हणजे श्रोते जे ऐकतील तेच वादकांनाही ऐकू यावे. उपाय रामबाण होता, पण त्या भिंतीचे वजन कित्येक टन होते आणि ती गावोगाव हलवण्याचा खर्च त्या नामवंत मंडळींनाही पेलला नाही. त्याच वर्षाअखेर ती भिंत इतिहासजमा झाली.

मग सामान्य मंडळांनी काय करावे? मॉनिटर एकच असेल तर सर्वांना एकच मिश्रण मिळते, आणि गायिकेला जे हवे ते ढोलकीवाल्याला नको असते. प्रत्येकाला हवे तसे वेगळे मिश्रण द्यावयाचे तर जुन्या पद्धतीच्या मिक्सरमध्ये प्रत्येक माईकच्या पट्टीवर आणखी एक बटण आणि त्यामागची जोडणी लागते. सोळा माईक आणि चार मिश्रणे म्हणजे चौसष्ट बटणे झाली. किंमत अशी बेरजेने नव्हे तर गुणाकाराने वाढते. म्हणून स्वस्त मिक्सरात एखाददुसरे मिश्रण मिळे आणि पुष्कळ मिश्रणे ही मोठ्या, धनिक वाद्यवृंदांची मिरास राहिली.

ही मिरास मोडली ती डिजिटल मिक्सरने. त्यात माईकचा आवाज आत शिरताच त्याचे आकडे होतात, बहुधा दर सेकंदाला ४८ हजार. मिसळणे म्हणजे मग प्रत्येक आकड्याला ठराविक प्रमाणाने गुणून त्यांची बेरीज करणे. आणखी एक मिश्रण हवे असेल तर नवी तार लागत नाही, नवे बटण लागत नाही. आणखी एकदा गुणाकार-बेरीज केली की झाले. माझ्यासारख्या फायलींत वावरलेल्या माणसाला हे यंत्र एकदम आपलेसे वाटले. तोही एक तक्ते करणारा कारकूनच, फक्त फार जलद. त्या हिशेबाला एक-दोन सहस्रांश सेकंद लागतात. आवाजाला हवेतून एक-दोन फूट जाण्यास तेवढाच वेळ लागतो. गायकाने स्पीकरपासून जेमतेम एक पाऊल मागे सरकावे, इतकाच तो विलंब होय.

प्रारंभी हे कारकून महाग होते. यामाहा या जपानी कंपनीने १९८७ मध्ये 'डीएमपी ७' हा आठ आवाज घेणारा छोटा डिजिटल मिक्सर काढला. १९९४ मध्ये तिच्याच 'प्रोमिक्स ०१' ची किंमत दोन हजार डॉलरांच्या आत आली. २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रीसोनसने सोळा माईकांचा 'स्टुडिओलाइव्ह' छोट्या वाद्यवृंदांसमोर ठेवला. त्याच वर्षी बेरिंजरच्या मालकांनी मिडास ही नामांकित इंग्रजी संस्था विकत घेतली. २०१२ मध्ये बाजारात आलेल्या बेरिंजरच्या 'एक्स ३२' मध्ये मिडासच्या आखणीवर आधारलेली माईकांची प्रवेशद्वारे होती. बत्तीस माईक, सोळा मिश्रणे आणि अमेरिकेतील किंमत सुमारे तीन हजार डॉलर! पुढे तर वरची पट्टी आणि बटणेही गळाली. मॅकीच्या 'डीएल १६०८' ने २०१२ मध्येच आयपॅडवरून आवाज हाताळण्याची सोय केली, आणि काही वर्षांत आलेला बेरिंजरचा 'एक्सआर १८' हा मिक्सर एका हाताने उचलता येतो. त्यात सोळा माईक लागतात, आणि मुख्य आवाजाखेरीज सहा मिश्रणे बाहेर काढता येतात.

हा इतिहास समजल्यावर माझा तक्ता मी फाडला आणि नवा केला. आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आल्यास उपयोगी पडावा म्हणून त्याचा क्रम सांगतो.

पहिला रकाना आत येणाऱ्या माईकांचा नव्हे, तर बाहेर जाणाऱ्या मिश्रणांचा असावा. आमच्याकडे चार लागतात: गायकांसाठी एक, तबला-ढोलकीसाठी एक, हार्मोनियम व कीबोर्डसाठी एक, बासरी व गिटारसाठी एक. मिश्रण आतल्या आत होते एवढ्यावर समाधान मानू नये. यंत्राच्या पाठीमागे तितकी भोके आहेत की नाहीत, ते स्वतः मोजून पाहावे.

दुसरा रकाना माईकांचा. आमचे तीन गायक, एक निवेदक, हार्मोनियमचा एक, तबल्याचे दोन, ढोलकीचे दोन, कीबोर्डच्या दोन तारा, बासरी, गिटार आणि बेस यांचा एकेक, ऑक्टोपॅडच्या दोन, असे बरोबर सोळा होतात. परंतु ऐनवेळी एखादा पाहुणा व्हायोलिन घेऊन येतो, आणि त्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणून गरजेपेक्षा चार जास्त धरावेत, अथवा ऑक्टोपॅडला एकाच तारेवर समाधान मानावयास लावावे.

तिसरा रकाना हाताळणीचा. बटणांचा मिक्सर महाग आणि जड असतो, पण शिटी वाजताच हात योग्य जागी जातो. टॅबलेटवर चालणारा स्वस्त आणि हलका असतो, पण त्याची सारी भिस्त वाय-फायवर. एका कार्यक्रमात उसना आणलेला तसला मिक्सर आम्ही वापरला. सभागृह भरले, शेकडो खिशांत मोबाईल आले आणि टॅबलेटचा संबंध तुटला. आवाज बंद पडला नाही. शेवटी जसा ठेवला होता तसाच चालू राहिला. पण त्या क्षणी गायकाचा आवाज नेमका खाली ओढलेला होता आणि दोन अंतरे तसेच गेले. तेव्हा असा मिक्सर घ्यावयाचा तर त्याच्यासोबत चांगला स्वतंत्र राउटर घ्यावा आणि तो ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालवावा, म्हणजे गर्दी कमी लागते. एक लांब तारही जवळ ठेवावी.

चौथा रकाना विजेचा. जुना मिक्सर वीज परत येताच बोलू लागे. डिजिटल मिक्सर हा मुळात संगणक असल्याने त्याला जागे व्हावयास वेळ लागतो. मांडवातील वीज कशी असते हे सर्वजण जाणतात. एक छोटा यूपीएस ही चैन नव्हे, तो यंत्राचाच भाग समजावा.

शेवटचा रकाना माणसाचा. आमचे जुने साऊंडवाले काका तीस वर्षे बटणे फिरवत आले होते. नवे यंत्र येणार म्हणताच ते गप्प झाले, कारण आता आपली गरज संपली असे त्यांना वाटले. त्यांना दाखवले की हे यंत्र मांडणी लक्षात ठेवते: तालमीत जुळवलेली प्रत्येक गाण्याची मांडणी एका स्पर्शाने परत येते. परंतु ती जुळवणार कोण? ऐकणारा कान यंत्राबरोबर मिळत नाही. तीन रविवार त्यांच्यासोबत बसण्यात गेले, आणि चौथ्या रविवारी काकाच आम्हाला शिकवू लागले.

अखेर आम्ही घेतलेला मिक्सर माझ्या पहिल्या खुणेपेक्षा महाग होता. त्या फरकात दोन मॉनिटरही येऊ शकले असते, असा आक्षेप सभेत निघाला. त्यावर मी म्हणालो की मॉनिटर पुढच्या वर्षीही घेता येतील, पण मिक्सरच्या पाठीमागे नसलेले भोक पुढच्या वर्षी पाडता येणार नाही. ठराव एका मताने संमत झाला, म्हणजे एकाच मताधिक्याने.

पहिल्या तालमीला बाई आल्या. मॉनिटर त्यांच्यापुढे होता. काकांनी टॅबलेट हातात घेऊन विचारले, काय हवे? त्यांनी मागितले ते एवढेच: तंबोरा थोडा जास्त, ढोलकी पुष्कळ कमी, आणि स्वतःचा आवाज, पण घरच्यासारखा. दोन-तीन वेळा कमीजास्त झाले. मग त्या गाऊ लागल्या. वय झाले असे म्हणणारे आम्ही सारे तेथेच होतो. कोणी काही बोलले नाही, आणि ते योग्यच झाले.

आमच्या मंडळाच्या खरेदीच्या नोंदवहीत 'निवडीचे कारण' असा एक रकाना आहे. वर्षानुवर्षे त्यात 'सर्वांत कमी दर' असे लिहिले जाते, आणि माझ्या हातालाही तेच लिहिण्याची सवय आहे. या वेळी मी लिहिले: 'गाणाऱ्यास ऐकू येते.' वार्षिक तपासणीत हिशेबतपासनीस त्या ओळीपाशी थोडे थांबले. मग त्यांनी बरोबरची खूण केली आणि पान उलटले.