आईची वेदना आणि बाळाचा श्वास

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरांत आले. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय आपल्या परिचयाचें आहेच; पुढें सीताबर्डीस बायकांसाठीं म्यूर मेमोरियल रुग्णालय निघालें, तेंहि याच मिशनच्या हातून. या पंथाचे एक अनुयायी, एडिंबरोचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स यंग सिम्प्सन यांनीं १८४७ च्या जानेवारींत ईथर आणि नोव्हेंबरांत क्लोरोफॉर्म देऊन बाळंतिणीच्या वेदना शमविल्या.

मोठा वाद माजला. वेदना थांबविल्यानें ईश्वरी आज्ञेचा भंग होतो काय, कळा मंदावतील काय, असें नाना प्रश्न निघाले. १८५३ सालीं खुद्द व्हिक्टोरिया राणीनें क्लोरोफॉर्म हुंगलें, तेव्हां लोकांच्या मनांतील भीति बरीच ओसरली. परंतु या सगळ्या वादांत बाळाची बाजू फारशी कोणीं मांडली नाहीं. वार म्हणजे मधली भक्कम भिंत, औषध आईपाशींच थांबतें, असाच बहुतेकांचा समज होता.

या समजास १८७४ सालीं जर्मन वैद्य पाउल त्स्वायफेल यानें धक्का दिला. आईस क्लोरोफॉर्म दिल्यावर नवजात अर्भकाच्या मूत्रांत त्याची खूण सांपडते, असें त्यानें दाखविलें. पुरावा इतका स्पष्ट असतांहि व्यवहार बदलला नाहीं, याचें मला नवल वाटतें. १९०६ च्या सुमारास जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें मॉर्फिन व स्कोपोलामिन टोंचून आईस अर्धवट झोपेंत ठेवण्याची पद्धत गाजली. आईला प्रसंगाची आठवणहि राहत नसे. पण मूल पुष्कळदां सुस्त जन्मे, श्वास घ्यावयास वेळ लावी. मॉर्फिन म्हणजे अफूचेंच सत्त्व. आपल्याकडे गिरणींत जाणारी आई बाळाला अफूची गोळी चाटवून निजवी, तेव्हां त्यांतील धोका शहाण्यासुरत्या आजीबाईस ठाऊक असे. तीच अफू नाळेवाटे जाते, हें मात्र विद्वानांच्या ध्यानांत येईना!

१९३९ च्या सुमारास जर्मनींतच तयार झालेलें पेथिडिन लवकरच जगभर प्रसूतिगृहांत पोंचलें. त्याचा गुण-दोष वेळेवर अवलंबून असतो. टोंचल्यानंतर दोन-तीन तासांनीं मूल जन्मलें, तर त्याचा श्वास मंदावण्याचा संभव सर्वांत अधिक. अगदीं थोड्या वेळांत जन्मलें, तर औषध त्याच्या अंगांत फारसें भिनलेलें नसतें. मोठ्या माणसाच्या शरीरांतून कांहीं तासांत निघून जाणारें हें औषध व त्यापासून बनणारें द्रव्य तान्ह्याच्या अंगांत दोन-तीन दिवस रेंगाळतें, आणि मूल अंगावर नीट पीत नाहीं. श्वास मंदावल्यास नॅलोक्सोन हा उतारा आहे. परंतु तत्पूर्वीं मुलाला हवा पुरविणें हें मुख्य काम.

बाळाकडे पाहण्याची शिस्त लावली ती व्हर्जिनिया अॅपगार या अमेरिकन भूलतज्ज्ञ बाईंनीं. १९५३ सालीं त्यांनीं नाडी, श्वास, स्नायूंचा ताठपणा, प्रतिक्षेप व रंग या पांच लक्षणांस प्रत्येकीं शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. भूल देणाऱ्यानेंच आपल्या कृतीची परीक्षा बाळाच्या अंगावर पाहावी, हें मला विशेष वाटतें. आतां पाठींत, कण्याजवळ दिल्या जाणाऱ्या एपिड्युरलमध्यें औषधाचा फार थोडा अंश मुलापर्यंत जातो. तरी आईचा रक्तदाब उतरल्यास त्यालाहि झळ पोंचते, म्हणून दाब वारंवार मोजतात.

एवढ्यावरून बाळंतिणीनें कळा मुकाट सोसाव्या, असा अर्थ कोणीं घेऊं नये. दुखणें असह्य झाल्यास तिनें तसें सांगावें. आणि सुई टोंचली, ती किती वाजतां, हें बाळाला पहिल्या मिनिटांत हातीं घेणाऱ्यास ठाऊक असावें.