न सरकलेल्या हाडाचा इतिहास

सहा वर्षांपूर्वी माझी कंबर धरली. फिजिओथेरपिस्टने पालथे झोपवले, कमरेखालच्या त्रिकोणी हाडावर, म्हणजे त्रिकास्थीवर, दोन्ही अंगठे टेकवले आणि निदान सांगितले, "काका, हे हाड फिरलंय." मग कुशीवर वळवून पाय कडेवरून खाली सोडायला लावले. "आता पाय वर उचला, मी दाबून धरतो." पाच सेकंद जोर, मग सैल. असे चार वेळा. घरी चालत आलो. हाड खरेच फिरले होते का, हा प्रश्न मात्र सोबत आला.

त्याचा माग मला अमेरिकेत घेऊन गेला. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय काढले. त्याच परंपरेतले फ्रेड मिचेल (थोरले) यांनी १९५८ मध्ये कटीबंधावर निबंध लिहिला. चालताना त्रिकास्थी तिरप्या अक्षांवर वळते आणि कधी वळलेलीच अडकते, अशी त्यांची मांडणी होती. हाडाचा कोणता कोपरा खोल, कोणता वर आलेला, हे अंगठ्यांनी चाचपायचे. मग झटका न देता रोग्याच्याच स्नायूंचा जोर वापरायचा. विरोधाविरुद्ध स्नायू आवळण्याची कल्पना टी. जे. रडी यांच्याकडून आली होती. १९७० मध्ये आयोवातील फोर्ट डॉज येथे मिचेल यांनी मोजक्या डॉक्टरांना हे तंत्र शिकवले. १९७४ मध्ये ते वारले. १९७९ मध्ये त्यांच्या मुलाने सहकाऱ्यांसह तंत्राची पुस्तिका काढली. आज आपल्याकडचे फिजिओथेरपिस्टही ते वापरतात.

पण अंगठ्याला जाणवते ते खरे का? १९८९ मध्ये स्टुरेसन आणि सहकाऱ्यांनी पंचवीस रुग्णांच्या हाडांत धातूचे सूक्ष्म गोळे बसवून क्ष-किरणांनी या सांध्याची हालचाल मोजली. ती सरासरी अडीच अंशांच्या आसपास भरली. १९९८ मध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी दहा रुग्णांवर हीच पद्धत वापरली. हातांच्या उपचारानंतर चाचण्या सुधारलेल्या दिसल्या. हाडाची जागा मात्र बदललेली नव्हती. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने कंबरदुखीवरील या तंत्राचे बारा प्रयोग तपासले. पुरावा कमकुवत निघाला.

म्हणून मिचेल यांना खोटे ठरवावे, असे मला वाटत नाही. रोग्याच्या ताकदीलाच औषध करण्याची त्यांची युक्ती सौम्य आहे, आणि मला त्या दिवशी आराम पडला हेही खरे. मात्र एका माणसाला बरे वाटले, एवढ्यावर तंत्र सिद्ध होत नाही. आणि आराम पडला म्हणून त्यामागचे स्पष्टीकरणही खरे ठरत नाही.

हा फरक निव्वळ पुस्तकी नाही. "हाड फिरलंय" हे एक वाक्य मनात धरून, ते पुन्हा फिरेल या धास्तीने, मी दोन वर्षे नातीला कडेवर घेतले नव्हते. टुलबर्ग यांचा निबंध वाचून संपवला, त्या संध्याकाळी घेतले. तोवर ती बरीच जड झाली होती.